दारवान राक्षसाचा डोळा

माझी नात जपानी कार्टून बघते. त्याला कार्टून म्हटलेलं तिला चालत नाही, पण मला दुसरं काही म्हणता येत नाही. आधी चित्रांच्या गोष्टीचं पुस्तक निघतं, लोकांना ते आवडलं की त्यावरून हलत्या चित्रांचा खेळ करतात, असं तिनं मला समजावून सांगितलं आहे. त्यात जादूगार असतात, राक्षस असतात, ढगात किल्ले असतात. ती आणि तिची मैत्रीण फोनवर एकाच मुद्द्यावर भांडत बसतात. अमका राक्षस पहिल्या भागात कसा होता, आता कसा झाला, आणि त्याचं ते बदलणं पुस्तकात जास्त चांगलं उतरलंय की पडद्यावर. परवा मी मध्ये तोंड घातलं तर म्हणाली, "आजी, याला कॅरेक्टर डेव्हलपमेंट म्हणतात. तुमच्या वेळी नव्हतं हे."

मला राग पटकन येतो. वयानं तो कमी झालेला नाही. आमच्या वेळी नव्हतं म्हणे! आमच्या वेळी कुंभकोणमात एका राक्षसाच्या बदलण्यावरून माझ्या आईवडिलांनी एकमेकांशी अबोला धरला होता. तिला ते सगळं सांगत बसले, आणि आता लिहूनही काढते आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझी शाळा संपली होती आणि लग्न ठरायचं होतं, म्हणजे ज्या काळात मुलगी रिकामी आहे असं समजून सगळे तिला कामं सांगतात तो काळ. वडील, म्हणजे आमचे अप्पा, वकील होते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ, यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आमची मराठी तंजावरच्या राजांच्या वेळी इकडे आली आणि जशी आली तशीच राहिली. पुढे लग्न होऊन मी पुण्याला गेले, तेव्हा सून पोथी वाचल्यासारखी का बोलते याचं सासरच्यांना नवल वाटे.

घरी एक तमिळ साप्ताहिक येई. त्याच्या शेवटच्या पानावर चित्रांची गोष्ट असे, दर आठवड्याला एक पान. एका जादूगारानं एका मुलाची सावली चोरून समुद्राखालच्या किल्ल्यात कोंडली होती आणि त्याची बहीण ती सोडवायला निघाली होती. किल्ल्याच्या दारावर एक राक्षस होता. शेकडो वर्षं तो ते दार राखत होता, पण आत काय आहे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मोठा भित्रा होता. धन्याची चाहूल लागली तरी त्याच्या हातातला भाला गळून पडायचा, आणि भित्रा असल्यामुळेच तो दुष्ट होता. मुलगी त्याची नजर चुकवून दारापाशी पोहोचली, आणि आता आपल्याला शिक्षा होणार म्हणून तो तिला धरायला मागे धावला.

ती पानं मी कापून ठेवत असे. एका दुपारी घराबाहेरच्या ओट्यावर सगळी ओळीनं मांडली आणि मी थक्क झाले. चित्रकारानं राक्षसाचे सुळे किंवा शिंगं कमी केली नव्हती. त्यानं फक्त नजर बदलली होती. आधी राक्षस सरळ आपल्याकडे, वाचणाऱ्याकडे, डोळे वटारून बघायचा. मग तो स्वतःच्या भाल्याच्या टोकाकडे बघायला लागला. मग त्या मुलीच्या अनवाणी पायांकडे. आठवड्याआठवड्यानं ते बुबुळ केसभर सरकत होतं आणि आपण ते न कळत बघत होतो. त्या चित्रकाराचं नाव कुठेच छापलेलं नसे. अजूनही मला वाटतं, त्याला एकदा भेटून नमस्कार करायला हवा होता.

मी धावत जाऊन अप्पांना ओट्यावर ओढून आणलं. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली आणि निकाल दिला.

"चित्र बरें आहे. पण स्वभाव तो स्वभाव. चोर पुन्हां चोरी करतो. मी कोर्टांत रोज पाहातों."

आई दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कोर्टांत तुम्ही माणसास एक दिवस पाहातां. मी ह्या घरांत रोज पाहात्यें. आधीं कॉफी थंड झाली कीं तुम्ही पेला आपटत होतां. आतां आपटतां कां?"

"मी राक्षस आहे काय?"

"मी कोठें म्हटलें? तुम्हीच म्हणतां."

यावरून तो अबोला झाला.

सुगी संपत आली की चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी मंडळी कावेरीच्या काठावरच्या मंडपात येऊन उतरत. बकऱ्याच्या कातड्यातून कापलेल्या, रंगवलेल्या बाहुल्या. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावायचा, बाहुली पडद्याला टेकवायची आणि पुढच्या लोकांना तिची रंगीत सावली दिसायची. पडद्यासाठी जुनी पांढरी धोतरं ते घरोघर मागून नेत. त्या वर्षी आमच्या दारात कुणीतरी तमिळमध्ये धोतर मागितलं. आवाज इतका भरड होता की पुरुष आला आहे असं समजून आई पदर सावरत बाहेर आली, तर तिशीतली एक सडपातळ बाई. आईनं दिलेलं धोतर तिनं पायरीवर ठेवलं, तेवढ्यात शेजारच्या बकरीनं त्याचं टोक तोंडात धरलं. ती बाई ओरडली, "मेले, सोड तें! उद्यां तुझ्याच कातड्याचा राक्षस करीन!"

चक्क मराठीत. आई बघतच राहिली. "तुम्ही आमच्यांतले कां?"

"आम्ही रस्त्यावरले, अक्का. तुम्ही राजवाड्याकडले. भाषा मात्र एकच दिसत्ये," ती हसून म्हणाली.

तेव्हा आम्हाला कळलं की खेळ तमिळमध्ये करणारी ही मंडळी आपसात मराठी बोलतात. त्यानंतर ती रोज येऊ लागली. कधी सुतळी हवी, कधी तेल. पण खरं कारण ओट्यावरची पानं होती. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायची आणि ती चित्रावर बोट ठेवून ऐकायची. जिथे राक्षस त्या मुलीला पकडतो आणि ती त्याला विचारते, 'आत काय आहे म्हणून तू एवढा राखतोस?', आणि तो गप्प होतो, ते पान तिनं माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की मलाही ते पाठ झालं.

"एवढें काय आहे त्यांत?" मी एकदा वैतागून विचारलं.

तिनं पान खाली ठेवलं. "मामंजींचा आवाज बसला, तेव्हांपासून सगळे राक्षस माझ्याकडे. जावेचा आवाज गोड, ती सीता होत्ये. मी रोज मरत्यें, पोरी. कधीं बाणानें, कधीं गदेनें. मरतांना ओरडावें कसें, तें माझ्याइतकें कोणास येत नाहीं. पण मेल्यावांचून दुसरें कांहीं माझ्या राक्षसांस कधीं करतां आलें नाहीं. ह्या एकास येतें." मग म्हणाली, "ह्याचा आवाज मज मिळाला पाहिजे."

तिचा सासरा मात्र कठीण होता. बाहुल्यांची पेटी त्याची, आणि पेटीचे नियम त्याच्या बापाआजाचे. वरच्या गाठोड्यात देव आणि सज्जन, तळाच्या गाठोड्यात राक्षस, मध्ये एक जाड चटई. एका गाठोड्यातली बाहुली दुसऱ्यात कधी जायची नाही. जो बदलतो त्याला ठेवायचं कुठे? शिवाय कातडं एकदा कापलं की कापलं. कागदावर चित्रकार दर आठवड्याला नवं बुबुळ काढील, बाहुलीचा डोळा कसा सरकवणार?

यावर त्या बाईनं जी युक्ती काढली, तिचं कौतुक मला आजही आवरत नाही. बाहुली करताना डोळा सगळ्यांत शेवटी कापतात. डोळा उघडला की बाहुलीत जीव आला असं मानतात. ती म्हणाली, दारवानाचा डोळा कापायचाच नाही. अर्धी गोष्ट त्याला आंधळाच नाचवायचा. ज्या घटकेला मुलगी त्याला 'आत काय आहे' असं विचारते, त्या घटकेला बाहुली खाली घेऊन डोळा कापायचा आणि पुन्हा पडद्यावर आणायची. मग पहिल्यांदाच त्या काळ्या तोंडातून दिव्याचा उजेड येईल. जे चित्रकारानं कित्येक आठवड्यांत केलं ते हिनं एका छिन्नीत आणलं होतं.

सासऱ्यानं ऐकून घेतलं आणि कानावर हात ठेवले. डोळा न उघडलेली बाहुली म्हणजे मढं, ते पडद्यावर आणलं तर खेळाला विटाळ होईल. ती डोळे पुसत आमच्याकडे आली. आईनं अप्पांकडे बघितलं. अबोला चालू होता, तरी नुसत्या बघण्यानं तिनं वकीलपत्र दिलं आणि अप्पांनी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा आमच्या ओट्यावर येऊन बसला. अप्पांनी त्याला पान दिलं, सुपारी दिली, आणि ज्या मुद्द्यावर ते घरात हट्टानं उलट बोलत होते, त्याचीच बाजू घेऊन इतके रंगात आले की मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

"मूल जन्मतें तेव्हां त्याचे डोळे मिटलेले असतात," अप्पा म्हणाले. "त्यास तुम्ही मढें म्हणतां कां?"

म्हातारा खूप वेळ पान चघळत राहिला. मग त्याच्या बसक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही वकील आहांत. तुमच्याशीं कोण बोलणार? एक संध्याकाळ देतों. इन्नंबूरला. शेवटची मंगल आरती होईस्तों लोक बसले, तर त्यास पेटींत जागा. उठून गेले, तर सकाळीं तो कावेरींत. आणि ही पुन्हां नवी गोष्ट बोलणार नाहीं."

जुन्या, फाटलेल्या बाहुल्या ते नदीतच सोडतात. नव्या कोऱ्या बाहुलीला नदीत सोडण्याची गोष्ट ऐकून त्या बाईचा चेहरा उतरला, पण तिनं मान डोलावली.

इन्नंबूर कुंभकोणमपासून जवळच, सगळी भातशेती. आम्ही बैलगाडीनं गेलो. खळ्यावर पडदा बांधला होता, आमचंच धोतर मधोमध. सूर्य मावळून नुकताच काळोख पडत होता. माणसं कामावरून तशीच आली होती, अंगाला भाताचा कोंडा लागलेला. अप्पा वकिलाच्या कोटात जमिनीवर मांडी घालून बसले, हेच बघायला अर्धा गाव जमला असावा.

सुरुवात काही चांगली झाली नाही, खोटं कशाला सांगू. लोकांना युद्ध हवं होतं. पडद्यावर एक काळाठिक्कर, आंधळा राक्षस किल्ल्या वाजवत इकडून तिकडे पळत होता. तिचा आवाज भरदार लागला होता, भित्रेपणाच्या जागी लोक हसलेही, पण बाण कुठाय, राम कुठाय अशी कुजबुज सुरू झाली. कडेचे काहीजण उठले. एक म्हातारी घोंगडी गोळा करायला लागली. आई पुटपुटत होती, देवाला की राक्षसाला कोण जाणे.

मुलगी राक्षसाच्या हाती सापडली. तिनं विचारलं, आत काय आहे म्हणून तू एवढा राखतोस? राक्षस खाली गेला आणि पडदा रिकामा झाला. समोरच्यांना नुसतं पांढरं धोतर दिसत होतं. पडद्यामागून हळू आवाजात मराठी ऐकू येत होती, जी पडद्यापुढे बसलेल्यांत फक्त आम्हा तिघांना कळत होती.

"मामंजी, डोळा."

डोळा उघडायचा मान फक्त त्याचा होता.

"मामंजी, लोक उठत आहेत."

पेटी सरकल्याचा आवाज झाला. मग तो बसका आवाज आला, "धर नीट. हलवूं नको." आणि लाकडावर छिन्नीचा ठोका पडला.

राक्षस वर आला. आणि खरं सांगते, मला सगळं ठाऊक होतं, ती युक्ती माझ्यासमोर ठरली होती, तरी माझ्या अंगावर काटा आला. त्या काळ्या तोंडात उजेडाचा एक ठिपका होता. बस, तेवढाच. दिव्याची ज्योत हलली की तोही हलायचा, आणि राक्षस पहिल्यांदाच बघतोय हे लहान पोरालाही कळत होतं. घोंगडी गोळा करणारी म्हातारी उभ्याची खाली बसली.

आता त्याचं बोलणं होतं. मी पाठ करून घेतलेलं तमिळ, एकेक शब्द घोटलेला. पण पडद्यामागे काहीच आवाज होईना. मग ती बोलली, आणि मराठीत बोलली.

"आंत काय आहे, मज ठाऊक नाहीं. मज कोणीं सांगितलें नाहीं. मीही कधीं विचारलें नाहीं. इतकीं वर्षें मी मारलें, मीही मेलों, कशासाठीं तें एकदां तरी मज विचारूं द्या."

हे त्या पानावर नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं. आवाज राक्षसाचाच होता, तसाच भरड, पण त्यात ती सबंध होती. अप्पांनी माझा हात घट्ट धरला. पडद्यामागे कुणीतरी घाबरून कुजबुजलं, "तमिळ! तमिळ बोल!" पण आता बाण सुटला होता.

माझ्या मनात आलं, संपलं. उद्या कावेरी. या लोकांना एक अक्षर कळलेलं नाही.

मग पुढच्या रांगेतला एक शेतकरी शेजाऱ्याला तमिळमध्ये म्हणाला, "बघ, इतका वेळ आपल्यासारखं बोलत होता. जिवावर बेतलं तेव्हा बिचारा स्वतःच्या, राक्षसांच्या भाषेत बोलला."

"आईजवळ बोलत असेल तसं," ती घोंगडीवाली म्हातारी म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

आमच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपली राजघराण्यापासूनची भाषा भर खळ्यात राक्षसांची ठरली होती. क्षणभर वाटलं ती उठून भांडते आहे. पण ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि अप्पांच्या कोटाच्या बाहीनं तिनं नाक पुसलं. अबोला तिथे संपला.

त्यानंतर कुणी हललं नाही. राक्षसानं स्वतःच्या हातानं दार उघडलं, भावाला सावली मिळाली, मंगल आरती झाली, तरी लोक बसूनच. त्या शेतकऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "तो राक्षस पुढे कुठे गेला?"

आम्ही पडद्यामागे गेलो. बाई पडद्याच्या खांबाला टेकून बसली होती, घामानं निथळत. मी तिच्या गळ्यात पडले. किती सुंदर केलंत, किती सुंदर केलंत, एवढंच म्हणत राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ती म्हणाली, "मी चुकल्यें, पोरी. तूं शिकवलेलें सगळें विसरल्यें."

म्हातारा पेटी भरत होता. आधी राक्षस तळाच्या गाठोड्यात, वर चटई. मग देव, एकेकाला डोक्याला लावून. दारवान तेवढा हातात राहिला. त्यानं तो दिव्यासमोर धरला, आपण कापलेल्या डोळ्यातून पलीकडे पाहिलं, आणि अप्पांकडे वळला. "वकीलसाहेब, स्वभाव बदलतो ना? मग ह्यास देवांत ठेवतों."

एवढा मान त्या पेटीत कुणाला मिळाला नव्हता. अप्पा काही बोलणार, तेवढ्यात ती उठली. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहून बोलत नसे.

"मामंजी, मज द्या."

तिनं बाहुली घेतली. वरचे देव अलगद बाजूला केले, चटई उचलली, आणि दारवानाला तळाशी राक्षसांच्या गाठोड्यात, सगळ्यांच्या वर, तोंड खाली करून ठेवला.

"तेथें कां?" म्हातारा गोंधळून म्हणाला. "मी त्यास वर नेत होतों."

"वर काय सांगेल तो? देवांस सगळें ठाऊक आहे." तिनं चटई नीट बसवली. "खालीं जे आहेत, त्यांस कोणी तरी सांगायला पाहिजे कीं असें होतें म्हणून."